कर सल्लागार निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिटर्नचा हंगाम आला की तेच प्रश्न फिरून फिरून येतात: कुणाकडे जावं, किती पैसे द्यावेत, पासवर्ड द्यावा का. ते इथे एकत्र केले आहेत. कलमांचे आकडे १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत, कारण लोकांच्या तोंडी अजून तेच आहेत. नव्या कायद्याबद्दल प्रश्न ४ पाहा.

१. मला फक्त पगार आहे. सीए लागतोच का?

नाही. एका ठिकाणची नोकरी, फॉर्म १६ आणि बँकेचं थोडं व्याज एवढंच असेल, तर आयकर पोर्टलवर रिटर्न स्वतः भरता येतं आणि त्याला काहीही शुल्क नाही. बरीच माहिती आधीच भरून आलेली असते. ती फॉर्म १६, २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा) आणि एआयएसशी (तुमच्या उत्पन्नाची आणि व्यवहारांची खात्याकडे असलेली यादी) ताडून पाहायची, जुनी करप्रणाली फायद्याची की नवी ते तपासायचं आणि रिटर्न पाठवायचं. पहिल्या वर्षी जाणकार माणसाला शेजारी बसवा, पण भरा स्वतःच्या हाताने. स्वतःचं रिटर्न एकदा वाचता आलं की पुढे आयुष्यभर कुणी काहीही सांगून फसवू शकत नाही.

घर किंवा जमीन विकली, शेअर बाजारात फ्युचर्स-ऑप्शन्सचे व्यवहार केले, नोकरीसोबत बाहेरची कामं घेतली, आयकर खात्याची नोटीस आली किंवा कंपनीने परदेशी शेअर दिले, तर मात्र जाणकाराकडे जा. त्यातल्या शेवटच्या गोष्टीबद्दल लोक फार बेफिकीर असतात. परदेशातली मालमत्ता रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये दाखवली नाही, तर काळ्या पैशाविरुद्धच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

२. सीए, टॅक्स कन्सल्टंट, वकील, जीएसटी प्रॅक्टिशनर… यांत फरक काय?

दुसऱ्याचं आयकर रिटर्न भरून द्यायला कायद्याने कोणताही परवाना लागत नाही. ‘टॅक्स कन्सल्टंट’ अशी पाटी लावायला परीक्षा द्यावी लागत नाही. म्हणून पाटी वाचून काहीच कळत नाही, पात्रता विचारावीच लागते.

सीए म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट्स अधिनियम, १९४९ खाली स्थापन झालेल्या आयसीएआय या संस्थेचा सदस्य. कलम ४४एबीचं टॅक्स ऑडिट, म्हणजे करासाठीची हिशेबतपासणी, फक्त प्रॅक्टिस करणारा सीएच करू शकतो. व्यवसायाची उलाढाल १ कोटीच्या वर गेली की हे ऑडिट लागतं (रोखीतली जमा आणि रोखीतला खर्च प्रत्येकी ५ टक्क्यांच्या आत असेल तर १० कोटींच्या वर). डॉक्टर, आर्किटेक्ट अशा व्यावसायिकांसाठी ही मर्यादा ५० लाख आहे. अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत (उलाढालीचा ठरावीक हिस्सा उत्पन्न धरण्याची सोय) बसणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत.

करविषयक काम करणारा वकील नोटिसा, अपिलं आणि कोर्टकज्ज्यांसाठी. आयकर अपिलीय न्यायाधिकरणात सीए आणि वकील दोघेही उभे राहू शकतात. मुंबई, पुणे, नागपूर आणि पणजी इथे त्याची पीठं आहेत. उच्च न्यायालयात मात्र वकीलच लागतो.

जीएसटी प्रॅक्टिशनर जीएसटी कायद्याच्या कलम ४८ खाली नोंदलेला असतो आणि त्याला पीसीटी-०२ नमुन्यातलं प्रमाणपत्र मिळतं. आयकराचं ज्ञान त्याला असेलच असं नाही. जुने विक्रीकर प्रॅक्टिशनरही आता बहुतेक हेच काम करतात.

कलम २८८ खाली ठरावीक शिक्षण असलेले नोंदणीकृत आयकर प्रॅक्टिशनर, तुमचा कर्मचारी, इतकंच काय तुमचा नातेवाईकही खात्यासमोर तुमची बाजू मांडू शकतो. तालुक्याच्या गावी तीस-तीस वर्षं इमानेइतबारे काम करणारे बी.कॉम. झालेले कन्सल्टंट आहेत आणि साध्या कामाला ते पुरेसे असतात. त्यांचा मान कमी करायचा नाही. पण त्यांच्यावर कोणत्याही संस्थेचं नियंत्रण नसतं, आणि त्याचा परिणाम प्रश्न १५ मध्ये दिसेल.

३. समोरचा माणूस खरंच सीए आहे, हे कसं तपासायचं?

त्याचा सदस्यत्व क्रमांक मागा आणि आयसीएआयच्या संकेतस्थळावर शोधा. सदस्य असणं आणि प्रॅक्टिस करण्याचं प्रमाणपत्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोकरी करणाऱ्या अनेक सीएंकडे पूर्णवेळ प्रॅक्टिसची मुभा नसते, त्यामुळे त्यांनी तुमच्या ऑडिटवर सही करून चालत नाही. ‘सीए इंटर झालो’, ‘सीएच्या ऑफिसात आहे’ असं सांगणारा माणूस सीए नव्हे. तो हुशार असेल, पण सही त्याची चालणार नाही.

दुसरी खूण यूडीआयएन, म्हणजे सीएने सही केलेल्या प्रत्येक कागदाचा ओळख क्रमांक. सीएने दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर हा १८ अंकी क्रमांक १ फेब्रुवारी २०१९ पासून सक्तीचा आहे, टॅक्स ऑडिट अहवालांवर १ एप्रिल २०१९ पासून. तो यूडीआयएनच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. बँकेला किंवा व्हिसासाठी दिलेल्या नेटवर्थ प्रमाणपत्रावर हा क्रमांक नसेल तर ते स्वीकारू नका.

४. पहिल्या भेटीत काय विचारू?

तुम्ही काय विचारता यापेक्षा तो तुम्हाला काय विचारतो, तिकडे जास्त लक्ष द्या. चांगला सल्लागार मागच्या वर्षीचं रिटर्न मागतो, तुमच्यासमोर एआयएस उघडतो, खाती किती बँकांत आहेत ते विचारतो. बायकोच्या किंवा मुलांच्या नावावर काय गुंतवलंय, घरभाडं मिळतं का, परदेशात काही आहे का, हेही विचारतो. हे काहीही न विचारता जो ‘फॉर्म १६ पाठवा, उद्या भरून टाकतो’ म्हणतो, तो तुमचं काम करत नाही, फक्त आकडे उतरवतो.

तुमच्याकडून चार गोष्टी विचारा. प्रत्यक्ष काम कोण करणार, तुम्ही स्वतः की आर्टिकलशिपची (सीए होण्यासाठी ऑफिसात शिकणारी) मुलं? (मुलांनी केलं तरी हरकत नाही, फक्त शेवटी नजर कुणाची फिरते ते कळायला हवं.) रिटर्न पाठवण्याआधी उत्पन्नाचा हिशेब मला दाखवणार का? नंतर नोटीस आली तर उत्तर याच फीत की वेगळ्या? माझ्यासारखं काम तुमच्याकडे आहे का? दवाखान्यांचे हिशेब उत्तम सांभाळणाऱ्याला ऑप्शन्सची उलाढाल कशी मोजतात हे माहीत असेलच असं नाही.

आणखी एक प्रश्न सध्या फार उपयोगी आहे: ‘माझ्या या उत्पन्नाला कोणता कायदा लागू?’ १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला. त्या तारखेनंतर कमावलेल्या उत्पन्नाला तो लागू आहे. २०२५-२६ आणि त्याआधीच्या वर्षांना जुनाच कायदा. नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले आहेत आणि ‘कर वर्ष’ हा शब्द आला आहे. सल्लागाराला सगळे नवे आकडे तोंडपाठ असायची गरज नाही, पण एवढं उत्तर मात्र त्याने न अडखळता द्यायला हवं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. त्या दिवसांत चांगल्यातला चांगला माणूसही तुम्हाला दहा मिनिटं देऊ शकत नाही. एप्रिल-मेमध्ये एकदा भेटून घ्या.

५. फी किती द्यावी?

सरकारी दर नाही. आयसीएआय शहरांच्या वर्गवारीनुसार शिफारशीचे दर सुचवते, पण ते कुणावर बंधनकारक नाहीत. काम किती गुंतागुंतीचं आहे त्यावर फी ठरते, परतावा किती येतो त्यावर नाही. काही ठरावीक अपवाद सोडले तर टक्केवारीवर किंवा निकालावर अवलंबून फी घेणं सीएला आचारसंहितेने मनाई आहे. ‘रिफंडच्या दहा टक्के द्या’ म्हणणारा एकतर सीए नाही किंवा आपल्याच संस्थेचा नियम मोडतोय.

फी आधी ठरवा आणि तिच्यात काय काय येतं ते लिहून घ्या. मोठा करारनामा नको, व्हॉट्सअ‍ॅपवरचा स्पष्ट संदेशही पुरतो. पावती मागा. जीएसटी नोंदणी असेल तर फीवर १८ टक्के जीएसटी लागेल आणि बिलावर जीएसटी क्रमांक असेल. नोंदणी नसताना जीएसटी घेणं बेकायदा आहे.

६. आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांना एका एजंटने मोठा रिफंड मिळवून दिला. मीही त्याच्याकडे जाऊ का?

जाऊ नका. आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांमध्ये सगळ्यात काळजीचा हाच आहे, कारण यात अडकणारे बहुतेक लोक सरळमार्गी पगारदार असतात.

यात होतं ते असं. एजंट जुनी करप्रणाली निवडतो आणि न भरलेलं घरभाडं, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज, न दिलेली राजकीय पक्षाची देणगी, घरात कुणालाच नसलेला गंभीर आजार अशा वजावटी टाकतो. पुष्कळदा रिटर्नपुरता नवा ईमेल उघडतो, त्यामुळे पुढे आलेल्या नोटिसा तुमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. परतावा येतो, त्यातला वाटा घेऊन तो मोकळा होतो.

१४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने अशाच खोट्या वजावटींच्या प्रकरणात देशभरात १५० ठिकाणी तपासणी केली. महाराष्ट्रही त्यात होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी रिटर्न सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचं विभागाने तेव्हा सांगितलं.

रिटर्न आधीच असं भरलं गेलं असेल तर गप्प बसू नका. मुदत असेल तर सुधारित रिटर्न भरा. ती गेली असेल तर अपडेटेड रिटर्नचा मार्ग धरता येतो. आकारणी वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत ते भरता येतं, उशिरानुसार २५ ते ७० टक्के जादा कर द्यावा लागतो. काही कारवाया सुरू झाल्या की हा मार्ग बंद होतो, म्हणून लवकर हलायला हवं. आणि हे काम त्या जुन्या एजंटकडून करून घेऊ नका.

७. कन्सल्टंट लॉगिनचा पासवर्ड आणि ओटीपी मागतो. देऊ का?

सर्रास दिला जातो, पण देणं गरजेचं नाही. सल्लागार नोंदणीकृत ई-रिटर्न मध्यस्थ (इतरांची रिटर्न पोर्टलवर भरण्यासाठी खात्याकडे नोंदलेला) असेल तर पोर्टलवर त्याला तुमच्या परवानगीने जोडता येतं. ऑडिटचे फॉर्म तर पोर्टलवर तुम्ही सीएला नेमून देता, तो भरतो आणि शेवटी मंजुरी तुम्हीच देता. तीसुद्धा न वाचता देऊ नका.

यापेक्षा मोठी अडचण दुसरीच आहे. असंख्य लोकांच्या प्रोफाइलवर मोबाईल आणि ईमेल कन्सल्टंटचा असतो. मग नोटीस त्याला जाते, त्याने बघितली नाही तर तुम्हाला वर्षभर पत्ता लागत नाही. आज लॉगिन करा. प्राथमिक संपर्कात स्वतःचा नंबर आणि ईमेल टाका, हवं तर दुय्यम म्हणून कन्सल्टंटचा राहू द्या. परताव्यासाठी कोणतं बँक खातं निवडलंय तेही बघा. पासवर्ड मिळत नसेल तर आधारशी जोडलेल्या मोबाईलवरच्या ओटीपीने तो बदलता येतो, त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही.

व्यापाऱ्यांनी डिजिटल सहीचं टोकन सीएच्या कपाटात कायमचं ठेवू नये. ती तुमची सही आहे.

८. ‘भरलं’ असं तोंडी सांगितलं. खात्री कशी करू?

तीन कागद घ्या: पूर्ण रिटर्नची प्रत, उत्पन्नाचा हिशेब आणि पोचपावती. रिटर्न पाठवल्यापासून ३० दिवसांत त्याची पडताळणी व्हावी लागते, नाहीतर मुदतीत भरलेलं रिटर्नही उशिराचं किंवा न भरलेलं धरलं जाऊ शकतं. पोर्टलवर रिटर्नची स्थिती स्वतः पाहा.

९. चूक सीएची, मग दंड मला का?

कारण रिटर्न तुमचं असतं. खात्याच्या लेखी त्यावर घोषणा करणारे तुम्ही आहात. उत्पन्न कमी दाखवलं तर त्यावरच्या कराच्या ५० टक्के आणि खोटी माहिती देऊन कमी दाखवलं तर २०० टक्के दंड कलम २७०ए खाली करदात्याला होतो. सीएने अहवालात किंवा प्रमाणपत्रात चुकीची माहिती दिली तर कलम २७१जे खाली त्यालाही १०,००० रुपये दंड होऊ शकतो, पण त्याने तुमचा दंड कमी होत नाही.

तुम्ही सगळे कागद दिले होते आणि चूक त्याची आहे, असं असेल तर ते दाखवता यायला हवं. म्हणून कागद हातात नेऊन देण्यापेक्षा ईमेलने पाठवा.

१०. सीए बदलायचाय. आधीच्याची एनओसी लागते का?

साध्या रिटर्नसाठी नाही. मागची रिटर्न तुमच्या लॉगिनमध्ये असतातच. ऑडिट असेल तर नव्या सीएला काम स्वीकारण्याआधी जुन्याला लेखी कळवावं लागतं. हा त्यांच्या आचारसंहितेचा नियम आहे, तुमच्यावर अविश्वास नाही. वाद नसलेली ऑडिट फी थकवली असेल तर नवा सीए काम घेऊ शकणार नाही, ती आधी चुकती करा. मूळ खरेदीखतं, टॅलीचा बॅकअप आणि डिजिटल सही परत घेतल्याशिवाय बदल पुरा समजू नका.

११. माझं दुकान आहे. जीएसटी एकाकडे आणि आयकर दुसऱ्याकडे चालेल का?

चालेल, पण दोघांचं बोलणं व्हायला हवं. जीएसटी रिटर्नमधली उलाढाल एआयएसमध्ये दिसते. आयकरात आकडा वेगळा गेला की प्रश्न येतोच. फरकाला रास्त कारण असू शकतं, पण ते दोघांनाही माहीत हवं. छोट्या दुकानदाराने शक्यतो एकच ऑफिस धरावं असं माझं मत आहे. व्यवसाय कराची नोंदणी, पीटीईसी, झाली आहे का हेही त्याच वेळी विचारा. ती बऱ्याचदा राहून जाते आणि मग मागची थकबाकी व्याजासह निघते.

१२. गावची वडिलोपार्जित शेतजमीन विकतोय. कुणी म्हणतं कर लागत नाही, कुणी म्हणतं लागतो. कुणाला विचारू?

भांडवली नफ्याचं काम नियमित करणाऱ्या सीएला, आणि खरेदीखत नोंदवण्याआधी. नंतर गेलात तर त्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

ग्रामीण शेतजमीन भांडवली मालमत्ता मानली जात नाही, म्हणून तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. पण ‘ग्रामीण’ कशाला म्हणायचं ते ठरलेलं आहे. नगरपालिकेची लोकसंख्या १० हजारांपेक्षा जास्त आणि १ लाखापर्यंत असेल तर तिच्या हद्दीपासून २ किलोमीटरच्या, १ ते १० लाख असेल तर ६ किलोमीटरच्या आणि १० लाखांच्या वर असेल तर ८ किलोमीटरच्या बाहेर जमीन हवी. अंतर रस्त्याने नाही, हवाई मोजायचं. सल्लागाराने सातबारा, फेरफार आणि हे अंतर न बघताच ‘शेतीच आहे, काही नाही’ म्हटलं तर दुसरा गाठा.

जमीन शहरी ठरली तर १ एप्रिल २००१ ची किंमत नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाकडून काढावी लागते (जमीन त्याआधीपासून घराण्यात असेल तर), दुसरी शेतजमीन घेतल्यास कलम ५४बीची सवलत बसते का ते पाहावं लागतं. भावंडांचे हिस्से असतील तर प्रत्येकाचं रिटर्न वेगळं. सरकारने भूसंपादन केलं असेल तर २०१३ च्या कायद्यातली करमाफी निराळी तपासायची.

१३. आम्ही गोव्याचे. पुण्यातल्या सीएकडून रिटर्न भरलं तर चालेल का?

चालेल, पण कलम ५ए त्याला माहीत आहे का ते आधी विचारा. पोर्तुगीज नागरी संहिता लागू असलेल्या नवराबायकोचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, धंद्याचा नफा, दोघांत निम्मं निम्मं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. रिटर्नमध्ये त्यासाठी वेगळं शेड्यूल आहे. गोव्याबाहेरच्या सल्लागारांच्या हातून हे सुटतं.

१४. मुलगा अमेरिकेत आहे. त्याने भारतातला सीए धरावा की तिथला?

बहुधा दोन्हीकडचा माणूस लागतो. भारतातलं घर विकलं तर खरेदीदाराला अनिवासी विक्रेत्यासाठी वेगळ्या, जास्त दराने टीडीएस कापावा लागतो. तो कमी करण्याचं प्रमाणपत्र व्यवहाराआधीच घ्यावं लागतं. पैसे बाहेर पाठवताना अनेकदा सीएचं प्रमाणपत्रही लागतं. हे काम इथल्या सीएचं.

तिकडे, भारतातल्या खात्यांसह परदेशी खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अहवाल, भरावा लागतो. भारतीय म्युच्युअल फंडांवर तिथे फार किचकट नियम लागतात. म्हणून भारतीय गुंतवणुकीचं काम केलेला सीपीए (तिथला सीए) किंवा एनरोल्ड एजंट (तिथल्या कर खात्याची मान्यता असलेला कर सल्लागार) शोधायला सांगा. पैसे घेऊन रिटर्न करणाऱ्याला तिथे पीटीआयएन हा नोंदणी क्रमांक आणि रिटर्नवर सही सक्तीची आहे. सही करायला जो नकार देईल त्याच्याकडून उठून यावं.

१५. फसवणूक झाली. तक्रार कुठे करू?

सीए असेल तर आयसीएआयच्या शिस्तपालन संचालनालयाकडे. दोषी ठरल्यास समज, दंड किंवा सदस्यत्व जाणं इथपर्यंत शिक्षा होते, पण तिथून तुमची नुकसानभरपाई मिळत नाही. वकील असेल तर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. मे २०२४ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. जीएसटी प्रॅक्टिशनरची नोंदणी गैरवर्तनाबद्दल जीएसटी अधिकारी चौकशी करून रद्द करू शकतात.

कोणतीच नोंदणी नसलेला कन्सल्टंट असेल तर दाद मागायला संस्था नाही. वैयक्तिक रिटर्नबाबत सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोग, आणि पैसे लाटले किंवा खोटे कागद केले असतील तर पोलीस, एवढेच मार्ग. दोन्हीकडे पहिला प्रश्न असतो: पावती आहे का, आणि काय ठरलं होतं ते लिहिलेलं आहे का (प्रश्न ५).

तक्रार करताना आलेल्या नोटिसीची मुदत मात्र चुकवू नका. नोटीस खरी आहे का ते तिच्यावरच्या डीआयएन या कागदाच्या ओळख क्रमांकावरून पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतं. आदेश निघाला असेल तर पहिल्या अपिलासाठी तो मिळाल्यापासून ३० दिवस असतात. सल्लागाराशी वाद चालू आहे म्हणून हे दिवस वाढत नाहीत.